एक प्रकारचे वस्त्र

कायसेरीच्या संग्रहालयात, तळघरात,
मी शब्दांची कार्डं लिहिते.
पगार बरा. हीटर एकच.
या हिवाळ्यात अंगावरून घ्यायचं सगळं संपवायचं आहे.

नह्लप्तु : कपड्यांवरचा कपडा. धातूचा अर्थ, आत सरकणे.
कुसीतु : लांब, बहुधा मानाचं.
शेक्नु : हित्ती लोकांचं. झगा म्हणा.
हिमातिओन आणि तोगा पलीकडच्या टेबलावर,
त्यांचे पुतळे आहेत, चुण्यासुद्धा मोजता येतात.
आमच्याकडे नुसती माती.

मुअम्मर बे चष्मा कपाळावर चढवून विचारतात,
"बाह्या होत्या का?
पुढून उघडं, की डोक्यातून घालायचं?"
मी काय सांगू.
लोकर कधीच कुजून गेली
आणि माती बाह्यांबद्दल बोलत नाही.
ती म्हणते : सहा नग. दोन गाढवं. जकात भरली.
मग ते कार्डावर लिहितात 'एक प्रकारचे वस्त्र'
आणि पेनाला टोपण लावतात.
असं पांघरूण घालतो आम्ही
ठाऊक नसलेल्या गोष्टींवर.

काल कुलतेपेहून एक पाटी आली, तळहाताएवढी.
अश्शूरच्या बाईनं नवऱ्याला धाडलेली. वक्कुर्तुम तिचं नाव.
"कापड विरळ आहे म्हणतोस.
इथं यंदा लोकर काय भावानं मिळते, विचारलंस कधी?
तिघी रात्री मागावर बसलो,
धाकटी दिवा धरून उभी.
चांदी सावकाश पाठव. पण तुझ्यासाठी वेगळं काढलंय ते"
इथे तो शब्द. दोन अक्षरं शाबूत,
तिसऱ्यावर कुदळीचा घाव.
"ते बाजारात मांडू नकोस. तिकडे बर्फ पडतो म्हणे."

दोन अक्षरांपुढे सात शक्यता मांडून पाहिल्या.
संध्याकाळपर्यंत घोंगडं भिजतच राहिलं.

माझा बाप मेंढपाळ. नाव दुर्मुश, म्हणजे 'राहिला'.
आधीची तिघं राहिली नव्हती.
त्याचा केपेनेक पांढऱ्या नमद्याचा,
शिवण नाही, बाही नाही,
आणि इतका ताठ की अंगातून काढला तरी उभाच.
लहानपणी मी फसायचे.
दाराशी बाबा उभे आहेत समजून
शाळेतलं सगळं सांगायचे, गणिताचे गुण सोडून.
बाबा तेव्हा मेंढ्यांत.

आता तो माझ्या फ्लॅटमध्ये उभा असतो,
वॉशिंग मशीनच्या बाजूला.
खिसा नाही, म्हणून कसरीच्या गोळ्या पायाशी.
पाहुणे विचारतात, हे काय?
कोट म्हणावं, की खोपटं?
बाप त्यात झोपला, जेवला,
एकदा गारपिटीत दोन कोकरं घेऊन
आत बसून राहिला सकाळपर्यंत.
दुकानाच्या शटरला आम्ही केपेंक म्हणतो.
हे दोन शब्द सख्खे की नुसतेच शेजारी,
ते मी कुठल्याच कोशात पाहिलेलं नाही.
मुद्दाम.

आज मी पेन्सिलनं कार्ड लिहिलं, नियमात बसत नाही तरी.
शब्दाच्या जागी दोन अक्षरं आणि एक भोक.
अर्थ : बायको बाजूला काढून ठेवते ते.
विकायचं नाही.

मुअम्मर बेंनी दोनदा वाचलं.
"बाह्या?"
"माहीत नाही."
त्यांनी खोडरबर उचलला, परत ठेवला.
सहा वाजले होते. वर रस्त्यावर
एर्जियेसकडून वारा सुटलेला.
ते ओव्हरकोट घालू लागले,
डावी बाही काही केल्या त्यांना सापडेना,
मागे जाऊन ती मी धरून उभी राहिले.